थकव्याचा निरोप्या : ॲडेनोसीन

परीक्षा जवळ आली की आमच्या वर्गातील काही मुले तांबारलेल्या डोळ्यांनी येऊ लागतात. "रात्री किती वाजेपर्यंत जागलास?" असे विचारले, तर "दोन वाजेपर्यंत, सर, आईने दोनदा चहा करून दिला," असे उत्तर मोठ्या अभिमानाने मिळते. चहाने झोप उडते हा सर्वांचाच अनुभव. पण ती उडते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर ॲडेनोसीन नावाच्या एका चिमुकल्या द्रव्यापाशी आहे.

आपल्या प्रत्येक पेशीला कामासाठी शक्ती लागते, व ती ए. टी. पी. या पदार्थातून मिळते. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी, आणि अमेरिकेत फिस्के व आपल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो शोधून काढला. ए. टी. पी. म्हणजे ॲडेनोसीनच्या दोऱ्यात ओवलेले फॉस्फेटचे तीन मणी. शक्ती खर्च होते तसतसे मणी गळतात, व शेवटी उरते ते ॲडेनोसीन. संस्थेच्या खजिनदारांपुढे पावत्यांचा गठ्ठा वाढला की खर्च फार झाला हे त्यांस कळते. ॲडेनोसीन ही पेशीच्या खर्चाची तशीच पावती होय.

त्याच १९२९ साली केंब्रिजमध्ये ड्रुरी व सेंट-ग्यॉर्गी यांना असे दिसले की, हे द्रव्य प्राण्यांच्या रक्तात सोडल्यास हृदयाची गती मंदावते व रक्तवाहिन्या रुंदावतात. परंतु शरीर स्वतः त्याचा असा उपयोग करते काय? हा प्रश्न हाती घेतला अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट बर्न यांनी.

हृदय अधिक काम करू लागले की त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पण त्यांना ही वर्दी देतो कोण? बर्न यांनी हृदयाला प्राणवायू कमी पडू दिला व तेथून बाहेर येणारा द्रव तपासला. त्यात इनोसीन व हायपोझँथीन ही द्रव्ये सापडली. ॲडेनोसीन काही क्षणांतच मोडते आणि मोडल्यावर हीच द्रव्ये उरतात. पावलांच्या ठशांवरून वाटसरू ओळखावा, तसे बर्न यांनी ॲडेनोसीनला ओळखले. १९६३ साली त्यांनी मांडले की, प्राणवायूला मुकलेली पेशी ॲडेनोसीन बाहेर सोडते, त्याने रक्तवाहिनी रुंदावते व मदत येऊन पोहोचते. त्याच वर्षी जर्मनीत गेर्लाख यांनीही स्वतंत्रपणे हाच विचार मांडला. पुढील संशोधनाने असेही दाखविले की हे काम एकट्या ॲडेनोसीनचे नव्हे, त्याला इतरही सोबती आहेत. पण पेशी स्वतःची अडचण शेजाऱ्यास कळविते, हा मूळ विचार टिकला.

निरोप घ्यावयास दारही हवे. पेशींच्या पृष्ठभागावर ॲडेनोसीनची चार प्रकारची ग्राहके असतात. एकाने हृदयाची गती मंदावते, तर दुसऱ्याने रक्तवाहिनी सैल होते. म्हणूनच हृदय एकाएकी अतिवेगाने धावू लागण्याच्या काही विकारांत डॉक्टर ॲडेनोसीनचे इंजेक्शन शिरेतून देतात. अमेरिकेत त्यास १९८९ साली मान्यता मिळाली. त्याचा अंमल काही सेकंदांचाच असतो.

आता चहाकडे वळू. जागेपणी मेंदूतही ॲडेनोसीन साचत जाते व त्यामुळे झोपेची ओढ लागते. चहाकॉफीतील कॅफीन या ग्राहकांच्या दारात जाऊन बसते, पण निरोप मात्र देत नाही. खरा निरोप्या बाहेरच तिष्ठत राहतो. थकवा गेलेला नसतो, त्याची वर्दी तेवढी अडविलेली असते. शरीरातील निम्मे कॅफीन नाहीसे होण्यास प्रौढ माणसास साधारणपणे ५ तास लागतात. म्हणजे रात्री दहाच्या चहाचा निम्मा अंमल पहाटे तीनलाही शिल्लक असतो.

आम्ही चहाचे वैरी नाही. शिक्षकांच्या खोलीत तो नसेल तर आमचाही तास रंगत नाही. पण पालकांना एक विनंती आहे. पाठ केलेले मनात मुरते ते झोपेत. तेव्हा मध्यरात्री मुलासमोर दुसरा पेला ठेवण्यापूर्वी एवढे आठवावे की, दारावर आलेल्या निरोप्याला हाकलून दिल्याने निरोप खोटा ठरत नाही. त्या वेळी दिवा मालवणे हीच खरी अभ्यासाला मदत होय.