कानपूरच्या भंगारातून

इंदूरमध्ये एकही बॉम्बर विमान नाही. महायुद्धातल्या जुन्या बॉम्बरच्या जीर्णोद्धारावर लिहा आणि जमलं तर आपल्या बाजूचं काही बघा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा हे त्यांना लगेच कळवून टाकलं. राजवाडा आहे, लालबाग आहे, जवळ महूची छावणी आहे. विमानं म्हणाल तर बिजासन टेकडीजवळ उतरणारी प्रवासी विमानं, बस्स.

पण धागा निघाला तो बिजासनलाच. होळकर संस्थानानं १९३५ साली विमानतळासाठी ही जागा ठरवली ती टाटांच्या विमान कंपनीतल्या नेव्हिल विन्सेंट यांच्याशी सल्लामसलत करून. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. तेच टपाल जुहूहून पुढे मद्रासला नेणारा वैमानिक म्हणजे हे विन्सेंट. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, रॉयल एअर फोर्समधून बाहेर पडलेले. १९२९ मध्ये ते भारतात आले ते पहिल्या महायुद्धातली दोन डीएच-९ बॉम्बर घेऊन, लोकांना विमानात बसवून चार पैसे कमवावेत आणि जमिनीची हवाई पाहणी करावी म्हणून. त्याच जातीच्या विमानांचे सांगाडे पुढे कित्येक दशकं बिकानेरच्या राजाच्या हत्तीखान्यात पडून होते. इंग्लंडमधल्या तंत्रज्ञांनी ते विकत घेऊन नेले आणि त्यातलं एक २०१९ मध्ये पुन्हा उडवून दाखवलं.

दुसऱ्या महायुद्धात टाटांनी पुण्यात मॉस्किटो जातीची बॉम्बर विमानं बांधायचा घाट घातला. त्या बोलण्यांसाठी विन्सेंट इंग्लंडला गेले. जानेवारी १९४२ मध्ये परतताना एका बॉम्बर विमानात त्यांना जागा मिळाली, आणि ते विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहीसं झालं. ब्रिटिश सरकारनं मॉस्किटोऐवजी ग्लायडर बांधा म्हटलं, मग तेही बारगळलं.

पुण्यात बॉम्बर बांधलं गेलं नाही. पुण्यात बॉम्बर आलं ते भंगारातून.

त्याचं नाव बी-२४ लिबरेटर. अमेरिकेच्या कन्सॉलिडेटेड कंपनीचं. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ११० फूट, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची चार इंजिनं, दहाच्या आसपास माणसं. अशी अठरा हजारांहून अधिक विमानं बांधली गेली. फोर्ड कंपनीचा विलो रन कारखाना भरात असताना तासाला एक लिबरेटर बाहेर काढत होता. आपल्याकडे ती बंगालातल्या धावपट्ट्यांवर होती. सालबनी, डिग्री अशा ठिकाणांहून रॉयल एअर फोर्सची लिबरेटर ब्रह्मदेशावर जात आणि जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम रेल्वेवर बॉम्ब टाकून परत येत.

रूपाच्या बाबतीत लिबरेटर कमनशिबीच. पंख लांब, अरुंद, देखणे. त्यांखाली लटकलेलं धड मात्र खोक्यासारखं चपटं. त्याच्या शेजारी त्या काळचं दुसरं अमेरिकी बॉम्बर बी-१७ उभं केलं तर सगळे फोटो बी-१७ चे निघतात. माझं लक्ष त्याच्या एका भागात अडकलं, तो म्हणजे पोटाखालचे बॉम्बचे दरवाजे. इतर बॉम्बरचे दरवाजे खाली उघडून हवेत लोंबतात, वारा अडवतात, वेग खातात. लिबरेटरचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे पट्ट्यापट्ट्यांचे, रुळावरून सरकत विमानाच्या कुशीत वर जाणारे. ही युक्ती बघून मी खूश झालो. मग पुढचं वाचलं. या विमानाला पेट्रोल गळण्याची खोड होती. पोटात वाफ साठू नये म्हणून कित्येक वैमानिक ही शटरं थोडी किलकिली ठेवूनच उडत. मधून जायला एक फळी, जेमतेम नऊ इंच रुंद. पुढच्या माणसाला मागे जायचं तर त्या फळीवरून, दोन्ही बाजूंना बॉम्ब आणि खाली ही पातळ पत्र्याची शटरं. पत्रा इतका हलका की त्यावर माणूस पडला तर तो तोलेलच याची खात्री नाही. विमान समुद्रावर उतरवावं लागलं तर सगळ्यात आधी फुटायची तीही हीच शटरं.

युद्ध संपलं तेव्हा ही विमानं कानपूरला गोळा झाली. ती उधार-उसनवारीच्या करारानं अमेरिकेकडून आलेली. करार असा की युद्धानंतर ठेवायची तर पैसे मोजा, नाहीतर परत करा, नाहीतर नष्ट करा. अमेरिकेला ती परत नको होती, ब्रिटनकडे पैसे नव्हते. म्हणून चकेरीच्या मैदानावर ती रीतसर निकामी करण्यात आली. इंजिनांत वाळू, उपकरणांवर हातोडे, सांगाड्यांना भोकं. ज्यांनी ती वर्षभर निगुतीनं सांभाळली त्याच मेकॅनिकांना हे काम करावं लागलं असणार. त्यांना काय वाटलं असेल?

मग स्वातंत्र्य आणि पाठोपाठ काश्मीर. भारतीय हवाई दलाकडे जड बॉम्बर नव्हतं. डकोटा या मालवाहू विमानाच्या दारातून बॉम्ब हातानं ढकलले जात होते. नवी विमानं घ्यायला तिजोरीत परकीय चलन नाही. आणि कानपूरला शेकडो टन लिबरेटर मातीत रुतलेली.

ती उठवण्याचं काम आलं बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे. ही कंपनी काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, १९४० साली, म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन. युद्धात सरकारनं ती हातात घेतली आणि तिथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती चालू झाली. याचा फायदा नंतर झाला. लिबरेटरचं इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचं ट्विन वास्प, चौदा सिलिंडरचं. डकोटाचंही तेच, कॅटालिना या समुद्री विमानाचंही तेच. बंगळूरच्या फिटरांनी हे इंजिन युद्धाच्या वर्षांत कितीतरी वेळा खोललं आणि बांधलं होतं. परदेशी जाणकारांनी ही विमानं पुन्हा उडणं अशक्य म्हणून निकाल दिला होता. या फिटरांनी तो मानला नाही, यात मला देशाभिमानापेक्षा सवय जास्त दिसते. वाळू भरलेलं इंजिन धुऊन, घासून, वाचेल ते वाचवून पुन्हा जोडायचं हे त्यांच्या रोजच्या कामापेक्षा फार वेगळं नव्हतं. याच कारखान्यात त्या काळात कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगेही होते. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांड्टल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेले. भारतानं स्वतः आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान पुढे त्यांच्याच हातून झालं. पण लिबरेटरच्या कामाला डॉक्टरेटपेक्षा पाने-पक्कड जास्त लागली.

कानपूरला एका विमानाचं चाक, दुसऱ्याचा पंखा, तिसऱ्याचं शेपूट असं करत विमान फक्त उडण्यापुरतं उभं करायचं. मग ते बंगळूरला न्यायचं आणि तिथे खरी दुरुस्ती. नेणार कोण? कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी. कानपूर ते बंगळूर हवाई अंतर सुमारे १,५०० किलोमीटर. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती नागपूरच्या जवळून जाते. मूळच्या मालकानं मुद्दाम मोडलेलं, मैदानातच जुळवलेलं चार इंजिनांचं धूड घेऊन मुन्शी विदर्भावरून दक्षिणेला गेले, आणि परत कानपूरला येऊन पुढचं घेऊन गेले. अशी चाळीसहून अधिक विमानं त्यांनी नेली आणि एकालाही अपघात झाला नाही. वैमानिकांच्या गोष्टींत लढाई असली की आपण कान टवकारतो. मुन्शींच्या कामात शत्रू नव्हता, पदक नव्हतं, म्हणून असेल, त्यांचं नाव विमानवेड्यांच्या बाहेर कुणाला माहीत नाही.

२ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूरला या विमानांवर हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली. १९५१ मध्ये सहावी स्क्वाड्रन लिबरेटर घेऊन पुण्याला, लोहगावला आली आणि समुद्रावर नजर ठेवण्याचं काम तिच्याकडे लागलं. पाचवीला १९५७ मध्ये कॅनबेरा जेट मिळाली. सहावी लिबरेटरवरच राहिली. अरबी समुद्रावर तासन् तास फेऱ्या, बॉम्बच्या जागी दुर्बीण आणि रडार. १९६८ सरता सरता शेवटची लिबरेटर निवृत्त झाली. जगात तोवर दुसऱ्या कुठल्याही हवाई दलात हे विमान कामावर उरलेलं नव्हतं.

आणि इथून गिऱ्हाइकं यायला लागली. अमेरिकेनं हजारो लिबरेटर वितळवून टाकली होती. दाखवायला चांगलं विमान हवं तर भारतात. कॅनडानं एक नेलं आणि बदल्यात लायसँडर विमान दिलं, ते आज दिल्लीच्या पालम संग्रहालयात आहे. १९६९ मध्ये एक पुण्याहून उडत उडत ॲरिझोनात गेलं, टूसॉनच्या पीमा संग्रहालयाकडे. १९७४ मध्ये एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला देण्यात आलं, तेही स्वतः उडत गेलं. एक विमान बरीच वर्षं इथे पडून होतं. ते १९८० च्या दशकात आधी इंग्लंडला आणि तिथून अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोचलं. फ्लोरिडात ते जवळजवळ पूर्ण सुटं करून नव्यानं बांधलं. चार लाखांवर रिव्हेट बदलले. १९८९ मध्ये ते उडालं आणि पुढे तीस वर्षं गावोगाव फिरलं. म्हातारे सैनिक काठी टेकत यायचे आणि त्या नऊ इंची फळीवरून पुन्हा एकदा चालायचे.

या कौतुकात मला एक खटकतं. या विमानांच्या अंगावर आज कुठले रंग आहेत? पीमातलं अमेरिकी तुकडीच्या रंगात, त्यावर ‘बंगे बकरू’ असं नाव. कॉलिंग्जचं आधी ‘ऑल अमेरिकन’, मग ‘ड्रॅगन अँड हिज टेल’, मग ‘विचक्राफ्ट’. ब्रिटनमधलं १९४५ च्या ब्रिटिश वेशात. युद्धातलं त्यांचं आयुष्य वर्षाचं, फार तर दीड वर्षाचं. भारतीय हवाई दलातलं वीस वर्षांचं. जीर्णोद्धार म्हणजे वस्तू तिच्या मूळ रूपाला नेणं, पण मूळ कुठलं हे पैसे देणारा ठरवतो. पैसे देणाऱ्यांना आपल्या सैनिकांचा सन्मान करायचा होता, त्यात गैर काही नाही. फक्त त्यासाठी जो रंग खरवडला तो वीस वर्षं हे विमान जिवंत ठेवणाऱ्यांचा होता. त्यांनी ते ठेवलं नसतं तर खरवडायला काही उरलंच नसतं.

आपल्या बाजूनं काय केलं? पालमला एचई-९२४ क्रमांकाचं लिबरेटर आहे, भारतीय चक्र अंगावर असलेलं. ते उडत नाही आणि उडवावं असं मी म्हणणार नाही. उडवण्याची किंमत कॉलिंग्जच्याच उदाहरणात दिसते. त्यांचं बी-१७ २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकटमध्ये कोसळलं, सात माणसं गेली, आणि देखभालीतल्या त्रुटी दाखवून सरकारनं पैसे घेऊन प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेतली. पैसे देणारा प्रवासी गेला की पेट्रोलचा खर्च निघत नाही, विमा परवडत नाही, आणि ऐंशी वर्षांच्या इंजिनाचे सुटे भाग तर दुसरं इंजिन मोडूनच मिळतात.

भारतात उडतं महायुद्धकालीन विमान बघायचं तर हिंडनच्या हवाई तळावरचं ‘परशुराम’ आहे. आयर्लंडमध्ये भंगारात निघालेलं डकोटा राजीव चंद्रशेखर यांनी घेतलं, इंग्लंडमध्ये दुरुस्त करवलं आणि हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटा उडवत. २०१८ च्या एप्रिलमध्ये ते टप्प्याटप्प्यानं उडत भारतात आलं. त्याला क्रमांक दिला व्हीपी-९०५, म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला पहिल्यांदा उतरलेल्या डकोटाचा. हा जीर्णोद्धार आपल्या आठवणीच्या रंगात झाला. त्यालाही ट्विन वास्पच. म्हणजे त्या इंजिनाला हात लावू शकणारी माणसं हवाई दलात आजही आहेत.

एचई-९२४ ला उडणारी इंजिनं नकोत. त्याला हवी गंजापासूनची सोडवणूक, आणि ती सोपी नाही. ॲल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा वरून तांबडा दिसत नाही. तो रिव्हेटच्या भोवती, पत्र्यांच्या जोडांत, आतून पांढरी भुकटी करत जातो. वरून रंगाचा हात मारला की विमान छान दिसतं आणि आत खात राहतं. नीट करायचं तर पत्रा उघडावा लागतो, आणि पत्रा उघडायचा तर रिव्हेट काढून पुन्हा मारणारे हात लागतात. आपल्या संग्रहालयांत रंगाचं टेंडर निघतं, रिव्हेटचं निघत नाही.

दुसरी अडचण माणसांची. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये नेव्हिगेटर असलेले आपले शैलेंद्र एकनाथ सुखटणकर यांचं नाव कागदावर आहे, कारण त्यांना डीएफसी पदक मिळालं आणि पदकाची नोंद राहते. बंगळूरच्या ज्या फिटरनं इंजिनातली वाळू काढली त्याची नोंद हजेरीपटात. लोहगावच्या ज्या मेकॅनिकनं पहाटे त्या शटरच्या रुळांना ग्रीस लावलं त्याची नोंद विमानाच्या लॉगबुकात, एका सहीपुरती. हे हजेरीपट आणि लॉगबुकं कुणीतरी बसून वाचायला हवीत आणि ती नावं पालमच्या विमानाशेजारी फलकावर लागायला हवीत. मुन्शींचं सगळ्यात वर. बंगळूरचे बहुतेक गेले असतील. सहाव्या स्क्वाड्रनचे मात्र अजून आहेत. १९६८ मध्ये लोहगावला बाविशीत असलेला मेकॅनिक आज ऐंशीचा आहे, आणि निवृत्त हवाई सैनिकांची पुण्यात वाण नाही. त्यांना गाठून शटर अडकलं तर काय करायचात, पेट्रोलचा वास आला तर कुठे बघायचात, एवढं जरी विचारलं तरी कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही ते हाती लागेल. संपादकांना तसं कळवलंय. इंदूरचा विषय नाही म्हणून ते कुरकुरतील, पण पुण्याची गाडी रोज आहे.