ताज्या कापलेल्या सागवानी फळ्यांचे शुष्कन : यंत्रकामापूर्वीची आवश्यक अवस्था

प्रस्तावना :
करवतीतून नुकतीच निघालेली सागवानी फळी रंधायंत्रावर गुळगुळीत होते, मापातही बसते. परंतु काही महिन्यांत सांध्यांत फटी पडतात व पृष्ठभागास बाक येतो. कारागिराच्या माथी मारला जाणारा हा दोष बहुधा लाकडातील ओलाव्याचा असतो. त्याची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आकुंचनाचे स्वरूप :
ताज्या लाकडातील पाणी दोन प्रकारचे असते. पेशींच्या पोकळीतील मुक्त जल निघून गेल्याने वजन घटते, आकार मात्र फारसा बदलत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांखाली उतरल्यावर पेशीभित्तिकेतील बद्ध जल कमी होऊ लागते आणि आकुंचन सुरू होते. पूर्ण शुष्क होईपर्यंत साग वाढवलयांना समांतर दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर गाभ्याकडून सालीकडील दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो. या विषमतेमुळे फळी वाकते. वलयांना समांतर कापलेली २०० मि.मी. रुंद फळी २० टक्के ओलाव्यावर रंधली व पुढे १२ टक्क्यांपर्यंत वाळली, तर तिची रुंदी सुमारे ३ मि.मी.ने घटते.

शुष्कनाची पद्धती :
फळ्यांची थप्पी सावलीत, जमिनीपासून उंचावर रचावी. प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक याव्यात. फळीच्या टोकांतून पाणी सर्वाधिक वेगाने निघत असल्याने टोकांस रंग किंवा मेण लावावे. घाई केल्यास बाहेरचा थर आतील भागाआधी वाळून ताणलेल्या स्थितीत कडक होतो. अशी फळी उभी चिरताच किंवा तिची एकच बाजू रंधताच आतील ताणांचा तोल ढळून ती वाकते.

ओलाव्याचे मापन :
वाळवणीचे दिवस मोजणे हा पुरेसा निकष नव्हे. टोकापासून दूरचा नमुना कापून तोलावा, १०३° से. तापमानाच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवावा व वजनातील घट शुष्क वजनाशी ताडून पाहावी. ६० ग्रॅमचा नमुना ५० ग्रॅमवर स्थिरावल्यास ओलावा २० टक्के होय.

समारोप :
३०° से. तापमानात हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असता लाकूड सुमारे १५ ते १६ टक्के ओलाव्यावर, तर ३० टक्के असता सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावते. म्हणूनच कोकणातील पावसाळ्यात ‘वाळलेली’ ठरणारी फळी विदर्भातील उन्हाळ्यात पुन्हा आकसते. वस्तू जेथे वापरली जाणार, तेथील हवेशी लाकडाचा समतोल साधल्यानंतरच यंत्रकाम करणे शास्त्रसंमत ठरते.