हिवाळ्यात कोंबडी अंडी कमी का देते? विकायच्या आधी हा हिशेब करा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी तुम्हाला आमचं खुराडं आतून दाखवलं. पण व्हिडिओत आकडे पटापट पुढे जातात, म्हणून हिशेब इथे सावकाश लिहिते. वही-पेन घेऊन बसा.

जुन्नर भागात माझं पशुखाद्याचं दुकान आहे. डिसेंबर लागला की दर वर्षी एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. माणूस वेगळा, गाव वेगळं, बोलणं तेच. मागच्या हिवाळ्यात एक मावशी आल्या. तीस सुधारित गावरान कोंबड्या.

"पोरी, दिवाळीपर्यंत रोज अठरा-वीस अंडी निघायची. आता आठ-नऊ. खायला तेवढंच लागतं. उद्या व्यापारी येतोय, सगळ्या देऊन टाकते."

मी म्हटलं, "मावशी, व्यापाऱ्याला दोन दिवस थांबवा. आधी वही काढू."

एवढं ठामपणे बोलले, कारण माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी हेच केलं होतं. बीबीए झालेली, नफा-तोट्याची सूत्रं तोंडपाठ, आणि डिसेंबरात बारा कोंबड्या विकून मोकळी झाले. त्यातही पिसं झडलेल्या, सगळ्यात भुंड्या दिसणाऱ्या आधी काढल्या. नंतर कळलं, उशिरा आणि भराभर पिसं टाकणारी कोंबडी बहुतेक वेळा चांगली अंडी देणारी असते. म्हणजे दुकानातला चांगला माल मी भंगारात घातला!

अंडी कमी का होतात?

१) दिवस लहान होतो. कोंबडीच्या अंड्याचं घड्याळ उजेडावर चालतं. उजेड डोळ्यांतून तर जातोच, शिवाय कवटीतून थेट मेंदूपर्यंतही पोचतो. तिथून अंडाशयाला निरोप जातो. भरपूर अंडी हवी असतील तर दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरच्या शेवटी ११ तासांवर येतो. दिवस आखडत चालला की कोंबडीचं शरीर समजतं, आता पिल्लं काढायचा काळ नाही.

२) पिसं बदलतात. वर्षभर वापरलेली पिसं टाकून कोंबडी नवी घालते. बहुतेक वेळा हे पावसाळा संपता संपता सुरू होतं आणि दोन-तीन महिने चालतं. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच असतं. त्यामुळे खाल्लेलं प्रथिन पिसात जातं, अंड्यात नाही. हा आजार नाही. तिची वार्षिक सुट्टी आहे.

३) ताट बदलतं. हे कारण आपल्या लक्षातच येत नाही. पावसाळ्यात परसात गांडुळं, वाळवी, किडे, कोवळा पाला सगळं फुकट मिळतं. हिवाळ्यात जमीन सुकते आणि ते संपतं. मग आपण बाजरी, ज्वारी, मका जास्त टाकतो. पोट भरतं, पण या धान्यांत प्रथिन साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, आणि अंड्यावरच्या कोंबडीला लागतं १६ ते १८ टक्के.

४) थंडी. लोक सगळा दोष हिला देतात, पण आपल्याकडची थंडी बहुतेक ठिकाणी कोंबडीला सोसते. जुन्नर, निफाड, गोंदिया अशा भागांत पहाटे पारा फार उतरतो, तेव्हा मात्र खाल्लेलं अन्न अंग गरम ठेवण्यात खर्च होतं.

आधी खात्री करा

अंडी खरंच कमी झालीत, की सापडत नाहीत? भातकापणीनंतर पेंढ्याची नवी गंजी लागते आणि कोंबडीला तीच जागा आवडते. मावशींच्या गंजीत सात अंडी निघाली! मुंगूस, कुत्रं, आणि स्वतःचीच अंडी फोडून खाणारी एखादी कोंबडी, हेही बघा.

दुसरं, अंडी हळूहळू, काही आठवड्यांत कमी झाली असतील तर बहुधा ऋतूचा परिणाम आहे. पण दोन-चार दिवसांत एकदम बंद झाली, हिरवी पातळ विष्ठा, धाप, मान वाकडी होणं, मरतूक असं काही दिसलं, तर मानमोडीसारखा आजार असू शकतो. मग हा लेख बाजूला ठेवा आणि थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

आता हिशेब

मावशींच्या ३० कोंबड्या धरू. एका कोंबडीला रोज १०० ग्रॅम विकतचं खाद्य, म्हणजे ३ किलो. किलोला ३५ रुपये धरले तर रोजचा खर्च १०५ रुपये. अंडं १५ रुपयांना जातं असं समजू. तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला.

चांगल्या दिवसांत १८ अंडी: २७० वजा १०५, रोज १६५ रुपये उरले.

हिवाळ्यात ९ अंडी: १३५ वजा १०५, रोज ३० रुपये उरले.

१६५ वरून ३० वर आलं की माणूस घाबरतो, साहजिक आहे. पण नीट बघा, ३० हा नफाच आहे. तोटा सुरू होतो रोज सात अंड्यांच्या खाली. हा तुमचा धोक्याचा आकडा, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता विकलं तर काय? नवं पिल्लू आणलं तर अंड्यावर यायच्या आधी ते साधारण सात-आठ किलो खाद्य खातं. म्हणजे २४५ ते २८० रुपये एका पिल्लामागे, शिवाय लसी, मरतूक आणि सहा महिने वाट. डिसेंबरात विकून जानेवारीत पिल्लं आणली, तर पहिलं अंडं जूनच्या सुमारास. आणि सुट्टीवर गेलेली जुनी कोंबडी? दिवस वाढायला लागला की फेब्रुवारी-मार्चपर्यंत बहुतेक पुन्हा सुरू होते.

मग कोणती विकायची?

शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं हाताला लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटं बसली आणि तुरा लाल, भरलेला असेल तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट बसलं तर बंद आहे. पण ही परीक्षा डिसेंबरात घेऊन निकाल लावू नका, कारण सुट्टीवरची चांगली कोंबडीसुद्धा त्यात नापास होते. परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. भर हंगामातही जी बंद आहे, खुडूकही बसलेली नाही आणि वयाने तीन वर्षांपुढे गेली आहे, ती काढा.

बल्ब लावायचा का?

खाद्य चांगलं असेल तर फायदा होतो. नऊ वॅटचा एक एलईडी रोज तीन तास लावला तर महिन्याला एक युनिटसुद्धा जळत नाही. लहान खुराड्याला एक पुरतो.

- बल्ब पहाटे लावा, ४ ते ७. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत.
- एकदम तीन तास नको, दर आठवड्याला अर्धा तास वाढवा.
- टायमर बसवा. आज लावला, उद्या विसरलो, असं केलं तर उलट अंडी बंद होतात.
- रात्री आठ तास पूर्ण अंधार हवाच.
- पिसं झडत असलेल्या कोंबड्यांना आधी सुट्टी पूर्ण करू द्या. वाढत्या तलंगांनाही उजेड वाढवून घाई करू नका.

सोबत ताट सुधारा: लेअर मॅश, नाहीतर धान्यात थोडी शेंगदाणा पेंड (बुरशी लागलेली अजिबात नको), शेवग्याचा पाला किंवा लसूणघास. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, कारण एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. सकाळी ताजं, कोमट पाणी द्या. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा, पण वरची फट उघडी राहू द्या. बंद खुराड्यात कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका, धुराने कोंबड्या मरतात.

पुढचा हिवाळा फेब्रुवारीत सुरू होतो

खरी गंमत इथे आहे. फेब्रुवारीत खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवा. २१ दिवसांनी, मार्चमध्ये पिल्लं निघतील आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तलंगा अंड्यावर येतील. पहिल्या वर्षीच्या तलंगा सहसा तो हिवाळा पिसं न बदलता अंडी देतात. दर वर्षी एक तृतीयांश कळप असा नवा केला की हिवाळ्यातही टोपली रिकामी राहत नाही.

आणि ग्राहक? मार्गशीर्षात बऱ्याच घरांत अंडी बंद असतात, तेव्हा तुमचा तुटवडा झाकला जातो. मार्गशीर्ष संपला आणि थंडी असली की मागणी उसळते. म्हणून दिवाळीलाच सांगून टाका: "ताई, डिसेंबर-जानेवारीत तुम्हाला डझनाऐवजी सहाच अंडी देईन, पण देईन ती घरचीच." पहिल्या वर्षी रोजची ऑर्डर भरायला मी बाजारातली अंडी मिसळायचा विचार केला होता. केलं नाही, पण दोन गिऱ्हाइकं तुटली. आज वाटतं, आधी सांगितलं असतं तर तीही राहिली असती. गावरान अंड्याला मिळणारा जास्तीचा भाव विश्वासाचा असतो, आणि तो एकदाच मोडतो.

मावशींनी शेवटी पाच म्हाताऱ्या कोंबड्या दिल्या, पंचवीस ठेवल्या. मार्चमध्ये दुकानात आल्या तेव्हा पिशवीत दहा अंडी होती. "ही तुला. वहीत लिहू नको," म्हणाल्या.

तुमच्याकडे किती कोंबड्या, दिवाळीला किती अंडी होती आणि आज किती? व्हिडिओखाली लिहा, तुमचा धोक्याचा आकडा आपण मिळून काढू.