सकाळची साखर आणि तीन महिन्यांची साखर

टाइप-२ मधुमेहाच्या देखरेखीत ज्या दोन आकड्यांवर सर्वाधिक भिस्त ठेवली जाते, त्यांपैकी पहिला म्हणजे किमान आठ तास काहीही न खाता सकाळी दिलेल्या रक्तातील ग्लुकोजचा आणि दुसरा म्हणजे एचबीए१सीचा, ज्याला दवाखान्यांत सर्रास ‘तीन महिन्यांची साखर’ म्हटले जाते. पहिला आकडा रक्त काढले त्या घटकेची स्थिती सांगतो, तर दुसरा गेल्या काही आठवड्यांचा कल सांगतो. दोन्ही एकाच रिपोर्टवर शेजारी छापले जात असल्यामुळे ते एकाच गोष्टीचे दोन पुरावे आहेत असा समज रूढ झाला आहे, आणि ते जुळले नाहीत की रुग्ण गोंधळतो किंवा प्रयोगशाळेवर शंका घेतो. प्रत्यक्षात हे आकडे कसे तयार होतात हे पाहिले, तर त्यांचे न जुळणे हीच अनेकदा सर्वांत उपयोगाची माहिती ठरते, आणि भारतासारख्या देशात तर ती दुर्लक्षून चालणारी नाही.

उपाशीपोटीच्या साखरेचा उगम आदल्या रात्रीच्या ताटात शोधण्याची सवय घरोघरी दिसते. ‘रात्री भातसुद्धा खाल्ला नाही, तरी सकाळी १६० कशी?’ हा प्रश्न प्रत्येक मधुमेहतज्ज्ञाने ऐकलेला असतो आणि त्यामागची हताशा खरी असते. परंतु जेवणातील ग्लुकोज काही तासांतच रक्तातून निघून जाते, आणि पहाटे रक्तात जी साखर असते ती प्रामुख्याने यकृताने सोडलेली असते. मेंदूला अखंड ग्लुकोज लागत असल्याने यकृत रात्रभर आपल्याजवळचा ग्लायकोजेनचा साठा, म्हणजे साखळीच्या रूपात साठवलेले ग्लुकोज, मोडून रक्तात सोडत राहते आणि त्याच्या जोडीला अमिनो आम्ले, लॅक्टेट अशा पदार्थांपासून नवे ग्लुकोजही घडवते. निरोगी शरीरात स्वादुपिंडातून मंद गतीने झिरपणारे इन्शुलिन या निर्मितीला लगाम घालते. टाइप-२ मधुमेहात यकृत त्या लगामाला पुरेसे जुमानत नाही, शिवाय पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन यांच्या पातळ्या वर असल्यामुळे ही निर्मिती आणखी वाढते. मेटफॉर्मिन हे औषध मुख्यतः यकृताच्या या अतिरिक्त निर्मितीवर काम करते, आणि म्हणूनच त्याचा परिणाम सकाळच्या आकड्यात ठळकपणे दिसतो. रात्रीचे जेवण आणखी कमी करून स्वतःला शिक्षा देणाऱ्या रुग्णाला एवढी गोष्ट वेळेवर समजावून सांगितली, तर त्याच्या मनावरचे अपराधीपणाचे ओझे निश्चित हलके होईल.

या आकड्याची निदानासाठीची सीमा आज १०० मिलिलिटर रक्तद्रवात १२६ मिलिग्रॅम अशी आहे. १९९७ पूर्वी ती १४० होती, परंतु ज्या पातळीपासून डोळ्यांच्या दृष्टिपटलावर मधुमेहाच्या खुणा वाढू लागतात ती पातळी त्याहून खाली असल्याचे लोकसंख्येच्या पाहण्यांतून दिसल्यावर अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती खाली आणली. मोजमापातील चूकही ध्यानात घ्यावी लागते. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील पेशी ग्लुकोज वापरत राहतात आणि तासाभरात साखर पाच ते सात टक्क्यांनी घटू शकते, म्हणून नमुना फ्लोराइड घातलेल्या नळीत घ्यावा लागतो आणि लवकर वेगळा करावा लागतो. घरच्या ग्लुकोमीटरसाठीचा २०१३चा आंतरराष्ट्रीय निकष शंभराच्या वरच्या मोजणीत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य करतो. त्यामुळे एका सकाळी १२८ आणि दुसऱ्या सकाळी १३९ आल्यास त्यातून काही अर्थ काढणे व्यर्थ आहे.

दुसऱ्या आकड्याचा इतिहास तेहरानपासून सुरू होतो. तेथील संशोधक सॅम्युएल रहबर हिमोग्लोबिनचे वेगळे प्रकार शोधत असताना त्यांना मधुमेही रुग्णांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक अंश वाढलेला आढळला, आणि १९६८ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हेलन रॅनी यांच्या सहकार्याने त्याची खात्री झाली. हा अंश म्हणजे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकावरील व्हॅलिन या अमिनो आम्लाला ग्लुकोजचा रेणू चिकटून बनलेला पदार्थ होय. या जोडणीला कोणतेही विकर, म्हणजे एन्झाइम, लागत नाही. ती ग्लुकोजच्या प्रमाणानुसार हळूहळू घडते आणि एकदा पक्की झाली की तांबडी पेशी नष्ट होईपर्यंत टिकते. पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असल्यामुळे तिच्यावर त्या काळाची नोंद साचत जाते. रॉकफेलर विद्यापीठातील अँथनी सेरामी आणि रोनाल्ड कोनिग यांच्या गटाने १९७६ साली रुग्णालयात दाखल असलेल्या अवघ्या पाच मधुमेहींची साखर आटोक्यात आणली, तसा हा अंशही उतरत गेल्याचे दाखवले, आणि एक रासायनिक कुतूहल वैद्यकाचे साधन बनले. ‘तीन महिन्यांची साखर’ हे नाव मात्र अर्धवट खरे आहे, कारण या आकड्यातील सुमारे अर्धा वाटा चाचणीआधीच्या शेवटच्या महिन्याचा असतो आणि उरलेला अर्धा त्याआधीच्या काळात विभागलेला असतो. दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांत केलेल्या चाचणीत सणाचा ठसा म्हणूनच ठळक दिसतो.

साखर काबूत ठेवल्याने खरोखर काय साधते, या प्रश्नाचे टाइप-२ मधुमेहापुरते भक्कम उत्तर ‘यूकेपीडीएस’ या ब्रिटिश अभ्यासाने दिले. ऑक्सफर्डचे रॉबर्ट टर्नर यांच्या नेतृत्वाखाली १९७७ पासून नव्याने निदान झालेल्या ५,१०२ रुग्णांची त्यात नोंद झाली. या अभ्यासातील एक तपशील आज बहुधा विसरला जातो, तो असा की काटेकोर उपचारांच्या गटाला गाठायचे लक्ष्य दिले होते ते उपाशीपोटीच्या साखरेचे, म्हणजे १०८च्या खाली, आणि दोन्ही गटांत काय फरक पडला हे पाहिले गेले ते एचबीए१सीवर. सरासरी दहा वर्षांत काटेकोर गटाचा एचबीए१सी ७.० टक्के आणि दुसऱ्या गटाचा ७.९ टक्के राहिला, आणि एवढ्याशा दिसणाऱ्या फरकातून डोळे, मूत्रपिंडे अशा सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजारांत २५ टक्के घट झाली. हृदयविकाराच्या झटक्यांतील घट मात्र १९९८च्या निष्कर्षांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात हुकली. पुढे अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांतील एचबीए१सीचा फरक वर्षभरातच नाहीसा झाला, तरीही २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात सुरुवातीला काटेकोर उपचार मिळालेल्या गटात हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू दोन्ही कमी असल्याचे दिसले. निदानानंतरची पहिली वर्षे ‘थोडीच तर वाढली आहे’ म्हणत घालवणे किती महाग पडते, याचा इतका स्पष्ट पुरावा वैद्यकात क्वचितच मिळतो.

त्याच २००८ साली याची दुसरी बाजूही समोर आली. अमेरिका आणि कॅनडातील ‘ॲकॉर्ड’ अभ्यासात १०,२५१ रुग्ण होते, ज्यांचे सरासरी वय ६२ आणि मधुमेहाचा काळ सुमारे दहा वर्षे होता. त्यांच्यातील काटेकोर गटाचा एचबीए१सी ६च्या खाली आणण्याचा प्रयत्न चालला असता त्या गटात २५७ आणि तुलनेच्या गटात २०३ मृत्यू झाले, आणि तो उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. जुना मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या वृद्धाच्या बाबतीत ८च्या आसपासचा आकडा स्वीकारणे हा डॉक्टरांचा निष्काळजीपणा नसतो, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, हे कुटुंबीयांनीही समजून घेण्याची गरज आहे.

सकाळचा आकडा चांगला आणि एचबीए१सी मात्र ७च्या वर, ही तक्रारही नेहमीची. फ्रान्समधील लुई मोनिए यांच्या गटाने २००३ साली दाखवले, की एचबीए१सी फार चढलेला, म्हणजे १०च्या पुढे असतो तेव्हा त्याचा मोठा भाग उपाशीपोटीच्या वाढलेल्या साखरेतून येतो, परंतु तो ७.३च्या खाली उतरला की जवळपास ७० टक्के वाटा जेवणानंतरच्या चढाचा असतो. म्हणजे उतरणीच्या शेवटच्या टप्प्यात सकाळच्या मोजणीवर नजर रोखून बसण्यात अर्थ नसतो; तेथे दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी केलेली तपासणी अधिक बोलते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाणाऱ्या मधुमेहीची त्या दिवशीची साखर तपासायची, तर तीही त्या वेळेलाच तपासली पाहिजे.

याहून गंभीर प्रश्न तांबड्या पेशींचा आहे, आणि तो महाराष्ट्राच्या अगदी दारातला आहे. एचबीए१सीचे गणित पेशीचे आयुष्य ठरावीक असल्याच्या गृहीतकावर उभे आहे. लोहाच्या कमतरतेत नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तातील पेशींचे सरासरी वय वाढते आणि साखर तेवढीच असूनही एचबीए१सी वर सरकतो, असे मानले जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साधारण एकविशीतील ११६ तरुण-तरुणींची दोन्ही रीतींनी तपासणी केली. ग्लुकोजच्या निकषांनुसार त्यांपैकी ७.८ टक्के जण मधुमेहपूर्व अवस्थेत होते, परंतु एचबीए१सीच्या निकषांनुसार २३.३ टक्के मधुमेहपूर्व अवस्थेत गणले गेले. या गटात सुमारे एक तृतीयांश जणांना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, होता आणि हिमोग्लोबिन जितके कमी तितका एचबीए१सी अधिक असा संबंध विश्लेषणातून निघाला. ज्या राज्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, तेथे केवळ या एका आकड्यावर तरुण मुलीच्या कपाळी मधुमेहाचे निदान लावणे अन्यायाचे होईल.

विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात चूक उलट्या दिशेने होते. सिकलसेल आजारात पेशी अकाली फुटतात, त्यांना साखर साचवायला पुरेसा अवधीच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटा दिलासा देतो. रक्तस्राव, नुकतेच चढवलेले रक्त, डायलिसिस आणि गर्भारपण यांतही हा आकडा भरवशाचा राहत नाही. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर यांच्याकडेच परतावे लागते, किंवा फ्रुक्टोसामाइनची चाचणी करावी लागते, जी हिमोग्लोबिनऐवजी रक्तद्रवातील प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते आणि दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते.

आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि गोव्यात प्रौढांमधील प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे. एवढ्या लोकांसाठी सतत ग्लुकोज मोजणारा सेन्सर हा आजच्या किमतीत रोजचा पर्याय होऊ शकत नाही. परंतु एचबीए१सीसोबत हिमोग्लोबिनची साधी तपासणी लिहून देणे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला शक्य आहे. ७ टक्के एचबीए१सी म्हणजे सरासरी १५४ मिलिग्रॅम साखर असे रूपांतराचे सूत्र सांगते, आणि रुग्णाच्या वहीतील सकाळच्या व जेवणानंतरच्या नोंदी त्या सरासरीच्या आसपास फिरकतही नसतील, तर औषध बदलण्याआधी रक्तक्षयाची आणि सिकलसेलची तपासणी झाली पाहिजे. बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या बाबतीत बी-१२ची पातळीही पाहावी लागेल, कारण या औषधाने ती घटते आणि तिच्या कमतरतेनेही रक्तक्षय होतो.