सहा की दहा?

आईला घेऊन दवाखान्यात गेले होते. आई 78 वर्षांची, 31 वर्षं शाळेत गणित शिकवलेली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून आवाज चढवला, "आजी, आज आपण छान छान जेवलो का?" मग लगेच माझ्याकडे वळून, "झोप लागते का यांना?" जिची झोप, ती समोरच बसलेली. निघताना पुन्हा त्याच सुरात, "सहाला गोळी घ्यायची हं!"

आईने गोळी घेतली दहाला. "नीट ऐकू आलं नाही तर विचारायचं ना," मी म्हटलं. "विचारलं असतं तर परत तसंच ओरडले असते," ती म्हणाली.

"सहा"चं "दहा" का झालं, याचं उत्तर कानात आहे. आतल्या शंखासारख्या नळीत ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि वयाबरोबर साधारणपणे त्याच आधी झिजतात. स, श, फ यांची ओळख या उंच पट्टीत असते. स्वर खालच्या पट्टीत. म्हणून बोलणं ऐकू येतं, पण शब्द उमगत नाही. "सहा"मधला "स" गळाला की उरतं नुसतं "हा", आणि रिकामी जागा मेंदू अंदाजाने भरतो. ओरडल्याने फुगतात ते मुख्यतः स्वर. व्यंजनं मागेच राहतात. आवाज बारीक केला तर तो नेमका झिजलेल्या पट्टीकडे सरकतो. म्हणजे लहान मुलाशी बोलावं तसं बोलून आपण ऐकणं आणखी अवघड करतो.

"आजी" म्हणण्यात काही गैर नाही, तो आपल्याकडचा मानच आहे. खुपतं ते "आपण जेवलो का". अमेरिकेत कॅन्ससमध्ये क्रिस्टीन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा चित्रित करून तपासली. 2009 मध्ये त्यांनी मांडलं, की अशा बोबड्या लाडिक बोलण्यानंतर रुग्ण तोंड फिरवणं, हात ढकलणं असा विरोध जास्त करत. स्मृती गेलेल्या माणसालाही तो सूर कळतो, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

"साठी बुद्धी नाठी" हे तर आपण सहज बोलून जातो. विचारांचा वेग कमी होतो हे खरं, पण ती उतरण तरुणपणीच सुरू झालेली असते; शब्दसंग्रह मात्र साठीनंतरही टिकून राहतो. येल विद्यापीठाच्या बेका लेवी यांनी ओहायोतल्या 50 वर्षांवरच्या 660 जणांची माहिती अभ्यासली. स्वतःच्या म्हातारपणाबद्दल चांगलं मत असलेले सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले, प्रकृती आणि आर्थिक स्थिती जमेस धरूनही. 2002 चा हा अभ्यास. आणि ते मत बनतं कशाने? आयुष्यभर कानावर पडलेल्या अशाच वाक्यांनी.

पुढच्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी पंखा बंद केला, खुर्ची आईसमोर ओढली, मास्क खाली केला. नेहमीच्या आवाजात, जरा थांबत म्हणाल्या, "गोळी संध्याकाळी. सहा वाजता. जेवणाआधी. आता तुम्ही सांगा, कधी घ्यायची?"

"संध्याकाळी सहाला," आई म्हणाली, "आणि एखाद्या दिवशी विसरले, तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत ना?"