किनारपट्टीवरील अभियंता : विद्यापीठीय शिक्षण आणि राखणीचे शास्त्र

अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांत मिळते. तिच्या बळावर करावयाचे काम पुढे तीस-पस्तीस वर्षे चालते. या दोहोंचा मेळ कितपत बसतो, हा प्रश्न अभियांत्रिकी शिक्षणाच्या चर्चेत वारंवार उपस्थित होतो. परंतु त्याचे उत्तर बहुधा सर्वसाधारण विधानांच्या रूपाने दिले जाते. एखादा मर्यादित प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून तेथे अभियंता प्रत्यक्ष काय करतो हे पाहिले, तर प्रश्नाला नेमकेपणा येतो. रायगड जिल्ह्याची किनारपट्टी अशा पाहणीस विशेष सोयीची आहे. उत्तरेस पनवेल व उरण येथील खाड्या, मध्यभागी धरमतरची आणि कुंडलिकेची खाडी, दक्षिणेस राजपुरीची आणि सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची खाडी, अशी ही पट्टी आहे. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर भातशेती, मिठागरे व मासेमारी हेच प्रमुख व्यवसाय होते. त्यानंतर अवघ्या एका पिढीच्या अवधीत वायू, खत, पेट्रोरसायने, पोलाद आणि बंदर हे सर्व उद्योग तेथे शेजारी शेजारी उभे राहिले.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे की, अशा प्रदेशात अभियंत्याच्या व्यवसायाचा मोठा भाग उभारणीचा नसून राखणीचा असतो. आणि विद्यापीठीय शिक्षणात नेमक्या याच भागाला सर्वांत कमी स्थान मिळते.

१. शाखांची घडण

अभियांत्रिकीच्या शाखा ज्ञानाच्या स्वाभाविक विभागणीतून निर्माण झाल्या, असा एक समज आहे. वस्तुतः त्या घडल्या त्या प्रामुख्याने नोकरी देणाऱ्यांच्या गरजेतून. पुणे येथे १८५४ साली अभियांत्रिकीचा जो वर्ग सुरू झाला, त्याचा उद्देश सार्वजनिक बांधकाम खात्यास प्रशिक्षित दुय्यम अधिकारी पुरविणे हा होता. पुढे त्याच संस्थेचे महाविद्यालय झाले. तेथून १८८३ साली उत्तीर्ण होऊन मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुढल्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली बसविलेली त्यांची स्वयंचलित दारे ही खात्यातील अभियंत्याचीच कामगिरी होती. मुंबईस १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेच्या पाठीशी कापड गिरण्यांची व यंत्रशाळांची निकड होती. तर मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली अवतरला, तो रंग, तेले व औषधे यांच्या वाढत्या उद्योगाच्या काळात.

रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ हे याच परंपरेतील पुढचे पाऊल होय. स्थापत्य, यंत्र, विद्युत, रसायन या परिचित शाखांबरोबरच तेथे पेट्रोरसायन अभियांत्रिकीची स्वतंत्र शाखा आहे. नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प ध्यानी घेतला म्हणजे या शाखेचे प्रयोजन निराळे सांगावे लागत नाही. २०१४ च्या अधिनियमाने या विद्यापीठास राज्यभरातील महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला. साहजिकच त्याच्या अभ्यासक्रमाचा प्रश्न आता एका जिल्ह्यापुरता राहिलेला नाही.

२. वायूची साखळी आणि कामांचे प्रकार

१९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेल सापडले व १९७६ साली उत्पादनास आरंभ झाला. पुढे समुद्रतळावरील नळांतून तेल व वायू उरणच्या किनाऱ्यावर येऊ लागले. त्या वायूवर उरणचे वीजकेंद्र १९८२ पासून चालू झाले, १९८५ च्या सुमारास अलिबागजवळ थळ येथे खताचा कारखाना उभा राहिला, आणि नंतर नागोठण्यास पेट्रोरसायनांचे उत्पादन सुरू झाले. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ चे. धरमतर खाडीवरील डोलवी येथे पोलादाचा कारखाना आला.

यांपैकी थळचे उदाहरण घेतले, तर अभियंत्याच्या कामाचे स्वरूप चांगले उलगडते. नैसर्गिक वायूतील मिथेनचा वाफेशी संयोग निकेलच्या उत्प्रेरकावर सुमारे ८०० अंश तापमानास घडवून हायड्रोजन मिळवितात. हवेतून नायट्रोजन येतो. दोहोंपासून मोठ्या दाबाखाली अमोनिया तयार होतो. आणि प्रक्रियेतच निघालेल्या कार्बन डायऑक्साइडशी अमोनियाचा संयोग करून युरिया बनवितात. हे सर्व रसायन अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात येते. परंतु तप्त व दाबाखालील हायड्रोजन पोलादात शिरतो, तेथील कार्बनशी संयोग पावून मिथेन बनवितो आणि पोलाद आतून तडकू लागते. युरियाच्या विभागात निर्माण होणारे कार्बामेट साध्या पोलादास खाऊन टाकते. म्हणून तेथे विशिष्ट जातीचे निष्कलंक पोलाद वापरून त्यावरील संरक्षक थर टिकविण्यासाठी प्राणवायूचा अल्प अंश सतत पुरवावा लागतो. हे ज्ञान रसायन शाखेचे की धातुशास्त्राचे की यंत्रशास्त्राचे, असा प्रश्न रात्रपाळीवरील अभियंत्यास पडत नाही. नळ कोठे पातळ झाला आहे, एवढेच त्यास ठाऊक असावे लागते.

अशा कोणत्याही कारखान्यात चार प्रकारची कामे असतात : संकल्पन, उभारणी, संचालन आणि राखणी. थळच्या कारखान्यासाठी अमोनियाची प्रक्रिया डेन्मार्कमधून व युरियाची इटलीतून घेण्यात आली. म्हणजे मूळ संकल्पन किनाऱ्यापासून फार दूर झाले. उभारणी चार-पाच वर्षांत आटोपते आणि तीवरील माणसे पुढच्या प्रकल्पावर निघून जातात. संचालन व राखणी मात्र कारखान्याच्या आयुष्यभर, त्याच जागी चालतात. यास्तव किनारपट्टीवरील पदवीधरांस स्थानिक व दीर्घकाळचे काम मिळावयाचे, ते मुख्यतः या दोन प्रकारांत. असे असता अभ्यासक्रमात मानाचे स्थान पहिल्या प्रकारास आहे. विद्यार्थी नव्या तुळईचे गणित करतो. चाळीस वर्षांच्या तुळईत किती बळ शिल्लक आहे, हे ठरविण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो.

३. खारे पाणी आणि काळ

या किनाऱ्यावर राखणीचा प्रश्न अधिक तीव्र होतो, तो समुद्रामुळे. काँक्रीटमधील सळईभोवती अल्कधर्मी परिसरात एक पातळ संरक्षक थर असतो. खाऱ्या हवेतील व पाण्यातील क्लोराइड सूक्ष्म रंध्रांतून आत पोहोचले की हा थर फुटतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने काँक्रीट आतून उकलते. बाहेर तडा दिसतो तेव्हा आतील हानी बरीच पुढे गेलेली असते. सळईवरील आवरण पुरेसे ठेवणे, पाण्याचे प्रमाण कमी राखणे आणि झोतभट्टीच्या मळीचे सिमेंट वापरणे हे यावरील उपाय होत. ही मळी पोलादाच्या कारखान्यातून निघते. म्हणजे डोलवीचा टाकाऊ पदार्थ त्याच किनाऱ्यावरील पुलाचे आयुष्य वाढवू शकतो.

या बाबतीत किनाऱ्यावरील शेतकऱ्यांची परंपरा विचारात घेण्यासारखी आहे. पेण व अलिबाग तालुक्यांतील खारभूमी मातीच्या बांधांनी समुद्रापासून मिळविलेली आहे. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. ओहोटीस आतील पाण्याच्या दाबाने उघाडीचे दार उघडते व पावसाचे पाणी खाडीत जाते. भरतीस खाडीचे पाणी तेच दार दाबून बंद करते. ना इंजिन, ना पहारेकरी. परंतु या योजनेचा खरा आधार दाराचे यंत्र नसून बांधाची देखभाल आहे. खेकड्याने पोखरलेले भोक वेळीच न बुजविल्यास उधाणाच्या भरतीस तेथे खांड पडते. आणि भांगाच्या दिवसांत, पाण्याचा जोर ओसरलेला असताना, ती खांड न भरल्यास पुढले उधाण ती रुंद करते. एकदा खारे पाणी शेतात शिरले की मीठ धुऊन निघण्यास अनेक पावसाळे लागतात. पूर्वी ही दुरुस्ती शेतकरी एकत्र येऊन आपल्या श्रमाने करीत. १९४८ च्या मुंबई खार जमीन अधिनियमापासून आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्राच्या अधिनियमापासून तिचा भार उत्तरोत्तर शासनाकडे गेला. बांधकामाचे तंत्र त्यामुळे सुधारले असेल. परंतु बांधावरून रोज चालणारा माणूस आणि दुरुस्तीची आज्ञा देणारा अधिकारी यांच्यातील अंतर वाढले.

हे अंतर किती महाग पडू शकते, याचा दाखला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मिळाला. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. दोन एस. टी. गाड्या व अन्य वाहने वाहून गेली आणि अनेकांचे प्राण गेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झालेली होती व त्यात धोका आढळला नव्हता, असे त्या वेळी शासनातर्फे सांगण्यात आले. नवा पूल २०१७ च्या जून महिन्यात, म्हणजे वर्षही पुरे होण्यापूर्वी, वाहतुकीस खुला झाला. उभारणीचे सामर्थ्य किती वाढले आहे, हे यावरून दिसते. जुन्या पुलाची पाहणी वरून केल्यास कमानी व कठडे दिसतात. पुराच्या प्रवाहाने पायाजवळची माती किती खरवडली आहे, हे पाण्याखाली उतरल्याविना किंवा तळाची खोली मोजल्याविना कळत नाही. अशी पाहणी हे अनुभवी डोळ्याचे काम आहेच. पण ते जलशास्त्राचे, भूतंत्राचे आणि मापनाचेही काम आहे. लोणेरे याच महामार्गावर, महाडपासून थोड्या किलोमीटरांवर वसलेले आहे, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

४. व्यवसायाच्या वाटा

पदवीनंतरच्या वाटा पाहिल्या तर राखणीच्या कामाची उपेक्षा आणखी स्पष्ट होते. राज्य व केंद्र लोकसेवा आयोगांच्या अभियांत्रिकी सेवा, सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम, खाजगी कारखाने, बंदर व बांधकाम कंपन्या, आणि उच्च शिक्षण व संशोधन या मुख्य वाटा होत. शिकाऊ उमेदवारांविषयीच्या १९६१ च्या अधिनियमाची व्याप्ती १९७३ साली पदवीधर व पदविकाधारक अभियंत्यांपर्यंत वाढविण्यात आली. कारखान्यातील पहिले वर्ष शिक्षणाचाच भाग समजावे, हा त्यामागील विचार होता. व्यवसायाच्या नियमनात मात्र एक पोकळी आहे. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा अधिनियम आहे; नोंदणीवाचून कोणासही ते नामाभिधान लावता येत नाही. अभियंत्यांसाठी तसा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही. बाष्पित्रासारख्या काही साधनांकरिता सक्षमतेची प्रमाणपत्रे आहेत. पण जुन्या पुलास सुरक्षित ठरविणाऱ्याची पात्रता कोणत्या परीक्षेने सिद्ध व्हावी, याचे सर्वत्र लागू होईल असे उत्तर नाही.

या प्रश्नास सामाजिक बाजूही आहे. नवी मुंबईच्या योजनेसाठी १९७० पासून पनवेल व उरण भागांतील जमिनी संपादन करण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. जमिनीच्या मोबदल्याबरोबर नोकरीची मागणी तेव्हापासून सतत होत आली आहे. या मागणीचा विचार करताना कोणती नोकरी, हे विचारणे अगत्याचे आहे. उभारणीच्या काळात मिळणारे काम प्रकल्प पुरा होताच संपते. २०२४ साली खुल्या झालेल्या शिवडी-न्हावा सागरी सेतूची समुद्रावरील लांबी साडेसोळा किलोमीटर आहे. त्याचे खांब, लोखंडी तक्तपोशी व सांधे यांची तपासणी पुढे कित्येक दशके करावी लागेल. ज्या गावांच्या शेजारी तो उतरतो, तेथील मुलांना हे काम केवळ रंग व झाडलोट या पातळीवर मिळावे की तपासनीस अभियंता म्हणून, हे त्यांना मिळणाऱ्या शिक्षणावर अवलंबून राहील.

५. विद्यापीठाचे कार्य

यासाठी नवी शाखा काढावी, असे सुचवावयाचे नाही. शाखा वाढल्याने कप्पे वाढतात. विद्यमान शाखांतच तीन गोष्टी शक्य आहेत. पहिली : संकल्पनाच्या प्रत्येक विषयास जोडून जुन्या रचनेच्या परीक्षणाचा एक प्रत्यक्ष अभ्यास असावा, विद्यार्थ्याने एखादी उघाडी, धक्का किंवा नळमार्ग पाहून त्याचे शिल्लक आयुष्य अनुमानावे. दुसरी : निरनिराळ्या शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकाच रचनेवर एकत्र प्रबंध लिहावेत. तिसरी, आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची : नोंदी ठेवाव्यात.

नोंदींचे मोल काय असते, हे याच किनाऱ्यावर पाहावयास मिळते. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मापने बिघडणार, हे ओळखून १९०४ साली अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यात आली. दोन्ही ठिकाणी सुमारे दोन वर्षे एकाच वेळी मापने घेऊन जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडण्यात आली. त्या सावधपणामुळे एकोणिसाव्या शतकापासूनची मापने आजही एकत्र वाचता येतात. पृथ्वीच्या चुंबकत्वासाठी जे काळजीपूर्वक केले गेले, ते खारबांधांच्या उंचीसाठी, खाड्यांच्या तळासाठी आणि पुलांच्या पायांसाठी करणे अशक्य नाही. त्यास मोठा निधी लागत नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर त्याच जागी जाऊन तेच मोजणारे विद्यार्थी लागतात. दहा तुकड्या उत्तीर्ण होऊन गेल्यावर विभागाच्या कपाटात दहा वर्षांची मालिका तयार असेल. अकराव्या वर्षी कोणी अभियंता एखादा पूल सुरक्षित आहे असे लिहून देईल, तेव्हा त्याच्या सहीला तिचा आधार असेल.