उलटटपालाचा शोध

दूरशिक्षणाचा इतिहास बहुधा साधनांच्या अनुक्रमाने सांगितला जातो, म्हणजे आधी टपाल, मग नभोवाणी, दूरचित्रवाणी, उपग्रह आणि सरतेशेवटी इंटरनेट. परंतु शेती किंवा नोकरी सांभाळून आडतालुक्यात पदवीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने हाच काळ न्याहाळला, तर कोणत्या साधनाने त्याच्यापर्यंत काय पोचवले यापेक्षा त्याच्याकडून काय परत नेले, हीच खरी कसोटी ठरते.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हाचे टपाल मंद खरे, पण दुतर्फी होते. स्वाध्याय मुदतीत रवाना करावा, काही आठवड्यांनी तो शेरे घेऊन परतावा, आणि तोवर मूळ शंकाच विस्मृतीत जावी, असा तो क्रम असे. पुढची साधने वेगवान निघाली, मात्र एकतर्फी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम १९८४ पासून दूरदर्शनवर दिसू लागले. पण पडद्यावरील प्राध्यापकाला हटकण्याची सोय कोणालाच नव्हती. २००४ साली अवकाशात गेलेल्या एज्युसॅट या शैक्षणिक उपग्रहाने प्रश्न विचारण्याची तजवीज केली खरी. तीही नेमल्या वेळी नेमल्या केंद्रावर हजर राहणाऱ्यापुरती.

या साऱ्याला छेद देणारा प्रयोग, आपल्याकडे फारशी वाच्यता न होता, इंग्लंडात घडला. तेथील मुक्त विद्यापीठाने १९८८ साली माहिती-तंत्रज्ञानाच्या एका अभ्यासक्रमासाठी ‘कोझी’ ही संगणकीय संभाषणप्रणाली वापरात आणली. हजाराहून अधिक विद्यार्थी आपापल्या घरून, दूरध्वनीच्या तारेला मोडेम जोडून, तिच्यात शिरू शकत. एकमेकांना कधीही न पाहिलेली ही माणसे परस्परांशी बोलू लागली. काही मात्र नुसतेच वाचीत राहिली, आणि माझ्या मते त्यांनाही वर्गाच्या मागच्या बाकावर बसल्याचे पुण्य लाभलेच. पत्रद्वारा शिक्षणाने शिक्षक दिला होता. सहाध्यायी प्रथम येथे मिळाला.

नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. मात्र त्या काळी गंगेचा मार्ग स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांतून आणि अभ्यासकेंद्रांवरील संपर्कसत्रांतून जात असे. आणि सत्राला येऊ न शकणारा विद्यार्थी, केंद्राच्या दप्तरी नाव असूनही, एकाकीच राही. इंटरनेट शहरांत आले, तरी त्याच्या हाती ते बऱ्याच उशिरा, मोबाइलच्या रूपाने लागले.

मग २०२० चा मार्च उजाडला, आणि नियमित महाविद्यालयेही टाळेबंदीच्या एका फर्मानासरशी दूरशिक्षणात लोटली गेली. येथे एक विपरीत गोष्ट घडली: दुतर्फी संवादासाठी निर्मिलेले साधन आपण जुन्या दूरचित्रवाणीसारखे वापरले. अध्यापक काळ्या चौकटींना उद्देशून तासभर बोलत; हजेरी घेतली जाई, प्रश्न मात्र क्वचितच येई. डेटा आणि वीज यांची टंचाई हे एक कारण होतेच, पण सवयीचा दोष त्याहून मोठा होता.

याच सुमारास, कोणत्याही परिपत्रकावाचून विद्यार्थ्यांनी आपसात जमवलेले व्हॉट्सॲपचे गट निमूटपणे काम करीत होते. परीक्षा-अर्जाची मुदत, गहाळ पानाचे छायाचित्र, लेखाशास्त्रातील अडलेले उदाहरण असे सारे तेथे रात्री अकराला विचारले जाई, आणि बहुधा एखादा सहाध्यायीच, प्राध्यापकाच्या आधी, उत्तर देऊन मोकळा होई.